‘सेत्ते’: दोन द्राक्षांची एक वाइन

आमच्या वरूड भागात मिसळलेल्या मालाकडे चांगल्या नजरेने सहसा कोणी पाहत नाही. पहिल्या वेच्याच्या पांढऱ्याशुभ्र कापसात फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटचा हलका कापूस, घालून गाडी बाजारात नेली, तर व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो आणि भाव पाडतो. त्यामुळे अकलूजच्या फ्रातेल्ली वाइन्सची ‘सेत्ते’ ही लाल वाइन सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों अशा दोन जातींच्या द्राक्षांची आहे, हे कळल्यावर कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये उभी हयात घालवलेल्या माझ्या मित्राने पहिलाच प्रश्न केला, ‘‘भाऊ, एका जातीची शुद्ध मिळत असताना मिसळलेली कशाला घ्यायची?’’ प्रश्न रास्त होता. म्हणून मी अमरावतीहून सेत्तेबरोबरच त्याच कंपनीच्या नुसत्या सांजोव्हेसेची आणि नुसत्या कॅबर्नेची अशा आणखी दोन बाटल्या आणल्या आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही तिन्ही ओसरीवर उघडल्या.

आधी सांजोव्हेसे घेतली. ही इटलीतल्या तोस्काना प्रांताची मुख्य जात आहे. तिचा रंग फिका लाल असून पेल्याच्या काठाशी तो विटकरीकडे झुकतो. पहिल्याच घोटाला गाभुळलेल्या बोराचा आंबटपणा जिभेच्या कडांवर उतरतो आणि तोंडाला पाणी सुटते. मात्र घोट गिळल्यावर फार काही मागे राहत नाही. कॅबर्नेचे नेमके उलटे आहे. तिचा मणी बारीक आणि साल जाड असते. लाल वाइनमध्ये रस सालींसकट आंबवला जात असल्यामुळे सालीतला गडद रंग आणि तुरटपणा असा दोन्हींचा भरपूर अंश वाइनमध्ये उतरतो. जांभळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तसे हिच्या घोटानंतर हिरड्यांपर्यंत जाणवते. वास दमदार, शेवट लांब, पण सुरुवात आणि शेवट यांच्यामधला भाग मला थोडा रिकामा वाटला.

मग औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाने आम्ही दोन्ही वाइन वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिल्या. निम्मे-निम्मे केले, तेव्हा कॅबर्नेने सांजोव्हेसेला पार झाकून टाकले. सांजोव्हेसेची सात टोपणे आणि कॅबर्नेची तीन घेतल्यावर मात्र आंबटपणा उजळ राहिला, तुरटपणाला धार उरली नाही आणि मघाचा रिकामा भाग भरून निघाला. एका टोपणाच्या फरकाने घोट एवढा बदलतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर वाइन करणारे लोक हंगामानंतर कित्येक दिवस नमुने मिसळत आणि चाखत का बसतात, ते आम्हाला उमगले. मित्राच्या प्रश्नाचे उत्तरही मग त्यानेच दिले. सूतगिरणीत एकाच गावच्या कापसाच्या गाठी लावत नाहीत, वेगवेगळ्या लांबीच्या आणि मजबुतीच्या धाग्याच्या गाठी हिशेबाने एकत्र लावतात, म्हणजे सूत सारखे निघते. फरदड घालणारा दोष लपवायला मिसळतो आणि गिरणी गुण जुळवायला मिसळते, असे तो म्हणाला. मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते.

या जुळवणीमागे शेतीचेही कारण आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मेर्लो ही जात लवकर पिकते आणि कॅबर्ने उशिरा. ऐन काढणीत पाऊस आला, तर एक सापडते आणि दुसरी वाचते. तिथे कॅबर्ने फ्रां, पेती व्हर्दो आणि माल्बेक यांनाही जुळवणीत जागा असते. जाती वेगवेगळ्या दिवशी तयार होत असल्याने बहुतेक ठिकाणी प्रत्येकीची वाइन स्वतंत्रपणे आंबवली जाते आणि नंतर प्रमाण ठरते. ते दर हंगामाला बदलू शकते, कारण निसर्ग दर वर्षी एकसारखा माल देत नाही. काही ठिकाणी मात्र द्राक्षे एकत्रच आंबवतात: फ्रान्समधल्याच ऱ्होन खोऱ्यातल्या कोत-रोतीमध्ये लाल सिराबरोबर पांढऱ्या व्हियोन्येचा थोडा भाग घालण्याची जुनी रीत आहे. आणि ज्या कॅबर्ने सोव्हिन्योंला आम्ही शुद्ध म्हणत होतो, ती जात स्वतःच कॅबर्ने फ्रां आणि पांढरी सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून आलेली आहे, हे 1997 मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले.

सांजोव्हेसे आणि कॅबर्ने ही जोडी तोस्कानामध्ये 1970 च्या दशकात नावारूपाला आली. तेव्हा काही उत्पादकांनी कियांती या तिथल्या प्रसिद्ध लाल वाइनच्या नियमांबाहेर जाऊन ही जुळवणी केली. सेत्ते घडवणारे पिएरो मासी त्याच प्रांतातले. इटालियन भाषेत सेत्ते म्हणजे सात. कंपनी उभी करणाऱ्या सात जणांवरून हे नाव पडले.

आमच्या टोपणातल्या मिश्रणाशी सेत्तेची बरोबरी करणे योग्य होणार नाही, कारण ती ओकच्या पिंपांत मुरवलेली असते. तिथे दोन्ही वाइन एकमेकींत इतक्या विरघळतात की आंबटपणा कुठे संपला आणि तुरटपणा कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. तिन्हींमध्ये माझी पसंती निःसंशय तिलाच आहे. उघडल्यावर तासभर तिला हवा लागू द्यावी. पहिला पेला बंद वाटला होता, तिसऱ्यात ती पूर्ण खुलली. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती आणि भाजलेल्या रोडग्याच्या खरपूस चवीशी तिचे छान जमले. सावजी रश्श्याबरोबर मात्र घेऊ नये, कारण तिखट आणि तुरटपणा एकमेकांना भडकवतात आणि तोंडात नुसती आग उरते.

विकत घेताना आपल्याकडे एक काळजी अवश्य घ्यावी. गेल्या मे महिन्यात एका दुकानातून मी दुसरीच एक लाल वाइन घेतली होती. ती दर्शनी काचेत उन्हात उभी ठेवलेली होती. घरी पाहिले तर बूच वर सरकलेले होते आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी लागली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोणतीही जुळवणी टिकत नाही. सेत्ते घ्यायची असेल, तर हिवाळ्यात, आतल्या खोक्यातली बाटली मागून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्या ओसरीवरची संध्याकाळ साधारण सोळा ते अठरा अंशांची असते आणि लाल वाइनला तेवढेच तापमान लागते, त्यामुळे फ्रिजचीही गरज पडत नाही.