चपटी पॅटी की जाडजूड?

बर्गरच्या दोन दुकानांत निवड करायची असेल तर आधी तव्याकडे बघा. एकाकडे खिम्याचा गोळा कडक तापलेल्या तव्यावर उलथन्याने दाबून पार चपटा करतात. १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाला तो खमंग तपकिरी रंग चढतो, कडा जाळीदार, कुरकुरीत होतात. दुसऱ्याकडे जाड पॅटी. आतून रसाळ, पण घाई केली की मध्ये कच्ची. खिमा आतपर्यंत ७१ अंशांना पोचायला हवा, कोंबडीचा असेल तर ७४. म्हणजे ताटकळणं आलंच. पार्सल न्यायचं तर जाडच बरी, चपटीचा कुरकुरीतपणा डब्यातल्या वाफेने वाटेतच संपतो. पण तिथेच उभ्या उभ्या खायचं असेल तर मी चपटीवाल्याकडेच जातो. जाडीला जबडाही फार उघडावा लागतो!