दोन इटालियन, एक छिन्नी: कानोवा की बेंतिवेन्या?

‘स्वतः घडलेला’ शिल्पकार कोणाला म्हणावं, कानोवाला की बेंतिवेन्याला? दोघेही गरिबीतून किंवा पोरकेपणातून वर आले, पण वाटा अगदी वेगळ्या. आंतोनियो कानोवा (1757–1822) लहानपणीच वडिलांना मुकला. उत्तर इटलीतल्या पोसान्यो गावच्या पाथरवट आजोबांनी त्याच्या हाती छिन्नी दिली. पुढे व्हेनिसमध्ये शिक्षण, मग रोम. त्याची पद्धत अशी: आधी मातीचा नमुना, मग त्याची प्लास्टरमधली प्रत, त्यात खिळे ठोकून मापं घ्यायची आणि ती संगमरवरावर उतरवायची. ढोबळ काम मदतनीस करत, शेवटचा हात मात्र त्याचाच. पोसान्योच्या संग्रहालयात ते खिळे आजही प्लास्टरमध्ये दिसतात.

फिलिप्पो बेंतिवेन्याला (1888–1967) गुरूच नव्हता. सिसिलीतल्या शाक्का गावचा हा माणूस अमेरिकेत मजुरी करून परतला, जमिनीचा तुकडा घेतला आणि तिथल्या खडकांवर चेहरे कोरत सुटला. शेकडो चेहरे! ना नमुना, ना मापं, ना गिऱ्हाईक. गावकरी त्याला वेडा म्हणत. त्याला मात्र ‘महाराज’ अशा थाटाची हाक हवी असे.

दगडाला कातडीचा मऊपणा कसा येतो हे शिकायचं असेल, तर कानोवाच पाहावा. पण ‘स्वतः घडलेला’ हा शब्द मी बेंतिवेन्यासाठीच राखून ठेवेन. कानोवाला निदान आजोबा होते.