झाडं सुंदर आली पण 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं खोटं निघालं (२ स्टार)

ऑनलाइन मागवलेला ५ इनडोअर झाडांचा सेट. आधी चांगलं ते सांगते, पॅकिंग खरंच मस्त होतं, एक कुंडी फुटली नाही की माती सांडली नाही, झाडं पण एकदम टवटवीत. नुसत्या झाडांचे मी ५ पैकी ५ दिले असते. पण पेजवर मोठ्या अक्षरात 'पेट फ्रेंडली' होतं, घरात मांजर आहे म्हणून तर हाच सेट घेतला, आणि ५ मधली ४ झाडं मांजरासाठी विषारी निघाली.

तिसऱ्याच दिवशी चिंगीने डिफेनबेकियाचं पान चावलं. लाळ थांबेचना, पंजाने सारखी तोंड घासत होती, पाण्याच्या वाटीपाशी जायची आणि तशीच मागे फिरायची, बघवत नव्हतं. ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं, चावलेलं पान पिशवीत टाकलं आणि तशीच डॉक्टरांकडे पळाले. पान नेलं ते फार बरं झालं, त्यांनी बघताक्षणी ओळखलं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेत आणि हिरड्यांत घुसतात म्हणून आग होते, सूज येते, घसा जास्त सुजला तर श्वासाला पण त्रास होतो. घरच्या घरी उलटी काढायला जाऊ नका म्हणाले, ते सगळं परत घशातूनच वर येतं. दोन दिवसांनी नीट खायला लागली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग बाकीच्या कुंड्या एकेक करून बघितल्या. मनी प्लांट आणि झेडझेड, दोन्हीत तेच स्फटिक. 'मिनी पाम' म्हणून पाठवलेलं झाड चक्क सागो पाम होतं, आणि तो पाम नसतोच मुळी, सायकस नावाचं वेगळंच झाड असतं. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. डिफेनबेकियाने निदान लगेच तोंड भाजतं म्हणून जनावर सोडून तरी देतं, सागोमधलं सायकासिन नावाचं विष थेट लिव्हरवर जातं, बिया तर सगळ्यात विषारी, कुत्री दगावतात त्याने. राहिलं एक स्पायडर प्लांट, ते मात्र सेफ आहे, ते ठेवलंय.

कस्टमर केअरला फोन केला तर 'मॅडम, इनडोअर झाडं सगळी सेफच असतात' असं उत्तर. पैसे परत दिले, वाद न घालता दिले, ते मान्य. पण पेज जसंच्या तसं आहे, आणि आज बघते तर त्याच पेट फ्रेंडली लिस्टमध्ये लिलीची कुंडी पण आहे, पीस लिली नाही, खरी लिली. तिचे पराग अंगावर पडले आणि मांजराने नुसते चाटले, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी किडनी फेल होऊ शकते आणि तासातासाला उशीर होत जातो. पैसे मिळाल्यावर पण रिव्ह्यू लिहायला बसले ते त्या कुंडीसाठी. ती लिस्टमधून काढली की मी स्टार वाढवीन.