जलपर्णीसाठी सगळ्या खात्यांची एकत्र तक्रार सेवा, माझा अनुभव
तळ्यात जलपर्णी दिसली म्हणून फोटो टाकला, आधी वनखातं म्हणायचं पाणी आमच्याकडे येत नाही आणि पाणीवाले म्हणायचे वनस्पती आमचं काम नाही, आता तक्रार एकच आणि ती सगळ्यांना एकदम दिसते, हे खरंच फार बरं झालं. तीन दिवसात माणसं आली, मुळासकट उपसून काठापासून लांब नेऊन वाळत टाकली. घाई हवीच हो, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ही साधारण दोन आठवड्यात दुप्पट होते आणि बी चिखलात 20 वर्षांपर्यंत टिकतं! पण नंतर परत बघायला कोणीच फिरकलं नाही, महिन्याला एक फेरी ठेवा ना प्लीज. चार स्टार, पाचवा फेरी सुरू झाली की देते.