फाइंड अ ग्रेव्ह : फोटो पाहावा, मजकूर पडताळावा

जुन्या दफनभूमीत पूर्वजांचा माग काढायचा असेल, तर तिथे जाण्याआधी ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे संकेतस्थळ जरूर चाळावे. जिम टिप्टन यांनी १९९५ साली ते सुरू केले ते प्रसिद्ध व्यक्तींच्या कबरी नोंदवण्यासाठी. पुढे सामान्य माणसांच्या नोंदींचीच त्यात भर पडत गेली. २०१३ मध्ये ‘अँसेस्ट्री’ या कंपनीने ते विकत घेतले, तरी तिथे शोध घेण्यास पैसे पडत नाहीत.

नाव, मृत्यूचे साल आणि दफनभूमी यांवरून नोंद शोधता येते, आणि तिला आईवडील, जोडीदार व मुले यांच्या नोंदी जोडलेल्या असतील तर एका बैठकीत तीन पिढ्या उलगडतात. दूरच्या कबरीचा फोटो हवा असल्यास विनंती करता येते. त्या परिसरातला एखादा स्वयंसेवक सवडीने जाऊन तो काढतो. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते.

मात्र दगडावरचा लेख निराळा आणि पानावरचा मजकूर निराळा. जुन्या दगडांवर पुष्कळदा जन्मतारीख नसतेच. मृत्यूची तारीख आणि ‘वय ६३ वर्षे, ४ महिने, ११ दिवस’ अशा धर्तीचा उल्लेख एवढेच कोरलेले असते. नोंद करणारा वजाबाकी करून जन्मतारीख भरतो, आणि पुढे तीच तारीख इतरांच्या वंशावळींत अस्सल पुराव्याच्या थाटात मिरवते. नातीही वापरकर्तेच जोडतात. तेव्हा आडनाव जुळले म्हणून हुरळून न जाता दफनाची नोंदवही किंवा मृत्युपत्र पाहिल्याशिवाय नाते पक्के धरू नये. फोटो नसलेली नोंद तर केवळ सुगावा समजावी.

फोटोंचा दर्जाही सारखा नाही. काही संगमरवरी दगडांवर शिशाची अक्षरे ठोकून बसवलेली असतात. ती गळून पडली तरी त्यांच्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे उरतात आणि त्यांच्या मांडणीवरून नाव लावता येते, पण भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाहीत. आरशाने बाजूने तिरपा उजेड पाडला की झिजलेला लेखही उठून येतो. त्यासाठी दगडाला खडू, दाढीचा फेस किंवा तारेचा ब्रश लावणे हा निव्वळ अत्याचार आहे.

२०११ पासून चालू असलेल्या ‘बिलियनग्रेव्हज’ या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाचा भर जीपीएसवर आहे, त्यामुळे विस्तीर्ण दफनभूमीत नेमकी कबर गाठायला ते अधिक उपयोगी पडते. नात्यांचे धागे शोधायला मात्र मी आधी ‘फाइंड अ ग्रेव्ह’च उघडेन.