सेफ एग्झाम ब्राउझर: घरून पेपर द्यायचा असेल तर पंधरा दिवस आधी हे वाचा

दहावी-बारावीचा बोर्डाचा पेपर केंद्रावरच होतो, एमएचटी-सीईटीलाही केंद्रावरच जावं लागतं. पण क्लासच्या प्रवेश परीक्षा, खासगी शिष्यवृत्तीच्या चाचण्या, ज्युनियर कॉलेजच्या काही परीक्षा घरून देण्याची सोय असते, आणि त्यांच्या सूचनांत बऱ्याचदा एक ओळ असते: सेफ एग्झाम ब्राउझर बसवून घ्यावा. हे सॉफ्टवेअर स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिक या विद्यापीठात तयार झालं. ते ओपन सोर्स आहे आणि पूर्ण मोफत आहे. कुणी ते बसवून द्यायचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या कष्टाचे, सॉफ्टवेअरचे नव्हेत.

आमचं मत आधीच सांगतो. काम चोख करतं, मुलांनी बिनधास्त वापरावं. पण परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा उघडायची ही वस्तू नाही. सगळा घोळ पेपर सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात होतो, आणि तेव्हा मदतीला कुणी नसतं.

हे सॉफ्टवेअर लॅपटॉपला कुलूप लावतं. पेपरची एकच खिडकी पडद्यावर राहते. ऑल्ट-टॅब, प्रिंट स्क्रीन, विंडोजचं बटण, दुसरे प्रोग्रॅम, सगळं बंद. कॅमेऱ्यातून नजर ठेवणं हे त्याचं काम नाही, ती व्यवस्था परीक्षा घेणाऱ्यांची वेगळी असते. म्हणजे कॅमेरा चालला म्हणून ब्राउझर चालेल किंवा ब्राउझर चालला म्हणून कॅमेरा चालेल असं धरून बसू नका. दोन्ही वेगवेगळं तपासा.

पहिली अडचण मशिनची. विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतं. अँड्रॉइड फोनवर नाही, अँड्रॉइड टॅबवर नाही, क्रोमबुकवरही नाही. ज्या घरात मोबाइल हाच काय तो संगणक आहे तिथल्या मुलांचं काय, याचं उत्तर या सॉफ्टवेअरकडे नाही, आणि ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. अशा वेळी मागून आणलेला लॅपटॉप निदान चार दिवस तरी घरात हवा. एका दिवसासाठी आणलेल्या लॅपटॉपवर पेपर देऊ नये. वडिलांच्या ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्याचा अॅडमिन पासवर्ड बहुधा आपल्याकडे नसतो, आणि त्याशिवाय विंडोजवर हे बसत नाही. स्वस्तातल्या काही नव्या लॅपटॉपवर विंडोज एस मोडमध्ये येतं. तिथे मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही, आधी एस मोडमधून बाहेर पडावं लागतं.

डाउनलोड फक्त सेफएग्झामब्राउझर डॉट ऑर्ग या मूळ साइटवरूनच. सूचनांत आवृत्तीचा आकडा दिला असेल तर नेमकी तीच घ्या. त्याहून नवी घेतली म्हणजे चांगलं, हा समज इथे अंगाशी येतो. परीक्षेचा सर्व्हर ब्राउझरची ओळख तपासतो, ती आवृत्तीनुसार बदलते. जुळली नाही तर मूडलवर (ऑनलाइन परीक्षा घ्यायच्या सॉफ्टवेअरवर) किल्ली पडताळता आली नाही असा संदेश येतो आणि पेपर उघडतच नाही. मधल्या काळात अपडेट करायचा मोहही टाळा.

मुलं हमखास चुकतात ते उघडताना. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की ब्राउझर उघडतो खरा, पण तिथे पेपर नसतो. पेपर उघडतो तो परीक्षा घेणाऱ्यांनी पाठवलेल्या एसईबी (सेफ एग्झाम ब्राउझरचं लघुरूप) फाइलवरून किंवा त्यांच्या साइटवरच्या बटणावरून. फाइल व्हॉट्सअॅपवर आली असेल तर ती लॅपटॉपवर घेऊन डेस्कटॉपवर ठेवा, तिचं नाव बदलू नका.

उघडण्याआधी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, झूम, टीम्स, डिस्कॉर्ड बंद करा. नुसती खिडकी मिटून भागत नाही. घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली ते जागे असतात, तिथून उजवं क्लिक करून क्विट करावं लागतं. टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर वायर काढून ठेवा. विंडोज अपडेट आठवडाभरासाठी पॉज करा.

आणि तारीख बघा. वर्ष-दोन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप काढला की त्याचं घड्याळ भलत्याच सालात गेलेलं असतं, कारण आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकीची असली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, आणि मग सगळे इंटरनेटला दोष देत बसतात. तारीख-वेळ सेटिंगमध्ये जाऊन सिंक करा. लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर पुन्हा चुकली तर कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडून सेल बदलून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये सीआर २०३२ असतो.

आता मराठीचा पेपर. याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. मुलं मराठी टाइप करतात ती मोबाइलवर किंवा क्रोममधल्या गुगल इनपुट टूल्सवर. कुलूप लागल्यावर क्रोमचं एक्स्टेंशन नसतं. विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, पण त्याची शब्द सुचवणारी चौकट कुलूपबंद पडद्यावर उमटेलच असा भरवसा ठेवू नका. भरवशाचा पर्याय एकच, इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की तो मिळतो. ‘कोल्हापूर’ लिहायला इंग्रजी बटणं अशी: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ बटणं. डी म्हणजे हलन्त, त्यानेच ल आणि ह जोडले जातात. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिफ्ट आणि ७ दाबलं की क्ष, शिफ्ट आणि ५ दाबलं की ज्ञ. पहिली वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर दाबायची, पडद्यावर ती आपोआप अलीकडे येते. रोज पंधरा मिनिटं दिली तर दहा दिवसांत हात बसायला लागतो. एका रात्रीत हे होत नाही.

भाषा बदलायची विंडोज आणि स्पेसची जोडी कुलपात चालत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी पर्याय चालू ठेवला असेल तर खालच्या पट्टीत भाषेचं चिन्ह दिसतं, तिथे क्लिक करायचं. तो पर्याय चालू आहे का, हे त्यांना सरावाच्या चाचणीआधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गणिताचा पेपर वहीवर सोडवून फोटो चढवायचा असेल तर तो कुलूप असताना चढवायचा की सुटल्यावर, आणि त्यासाठी किती मिनिटं आहेत, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

लाइटचं गणित स्वतंत्र मांडा. लॅपटॉपच्या बॅटरीचं वय कळायला कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाका. अहवालात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी दिसतात. निम्म्याच्या खाली गेली असेल तर तीन तासांच्या पेपरला चार्जरशिवाय बसायचं नाही. राउटरला मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) लावा, पण आधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. साधारण १२ व्होल्ट असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा व्होल्ट लावला तर राउटर जळू शकतो. १० वॅट खाणाऱ्या राउटरला तीन तास चालायला ३० वॅट-तास लागतात. छोट्या मिनी यूपीएसमध्ये २२ ते २४ च्या आसपास असतात, म्हणजे सव्वादोन तास. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, नुसता राउटर जागा ठेवून उपयोग नाही.

गल्लीतलीच लाइट गेली तर फायबरवाल्याचा खांबावरचा डबाही बसू शकतो. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन यूएसबीच्या वायरने जोडायची तयारी ठेवा, वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे खात्रीचं. फोन खोलीत ठेवायची परवानगी आहे का, हे मात्र आधी विचारा. नेट मध्येच तुटलं तर घाबरून लॅपटॉप बंद करू नका. मूडलवरचा पेपर बहुधा दर मिनिटाला आपोआप जतन होतो, पण वेळ सर्व्हरवर पळत असते. जोडणी परत आली की पान रिलोड करून पुढे चालू करा. सरावात हे मुद्दाम करून बघा: मध्येच राउटर बंद करा आणि मुलालाच सावरू द्या.

जागा निवडताना सोप्यापेक्षा, म्हणजे पुढच्या खोलीपेक्षा, आतली खोली बरी. पेठेतल्या घरांत रस्ता दाराला लागूनच असतो. गणपतीच्या दिवसांत हलगी आणि डॉल्बी सुरू झाली की खिडकी बंद करूनही आवाज माइकमध्ये शिरतो. वेळ निवडता येत असेल तर सकाळची घ्या.

परदेशी जाण्यासाठी टोफेल ही इंग्रजीची परीक्षा घरून देणाऱ्यांना हा ब्राउझर चालत नाही. त्या परीक्षेचा स्वतःचा वेगळा सुरक्षित ब्राउझर आहे आणि नियम अधिक कडक आहेत, ते त्यांच्या साइटवरच वाचा.

पेपर संपल्यावर सबमिटचा संदेश दिसल्याशिवाय उठू नका. मग खालच्या कोपऱ्यातल्या बंद करायच्या चिन्हावर क्लिक करा किंवा कंट्रोल आणि क्यू दाबा. पासवर्ड मागितला तर तो परीक्षा घेणाऱ्यांकडचा असतो, अंदाजाने टाकत बसू नका. लाइट जाऊन लॅपटॉप मध्येच बंद पडला असेल आणि नंतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर टास्क मॅनेजर दिसेनासा झाला असेल तर लॅपटॉप बिघडलेला नाही. आधी एकदा रीस्टार्ट करा. तरी तसंच राहिलं तर ब्राउझरबरोबर आलेली रीसेट युटिलिटी चालवा, जुन्या सेटिंग परत येतात. फॉरमॅट मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.