बंद जागेची भीती असेल तर एमआरआय इथेच करा

आईला बंद जागेची भयंकर भीती आहे, लिफ्टमध्येसुद्धा कुणी सोबत असल्याशिवाय जात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला तेव्हाच मला टेन्शन आलं होतं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, तिथे आत सरकवल्या सरकवल्या तिने हातातला फुगा (त्रास झाला तर दाबून बोलवायला देतात तो) दाबला आणि बाहेर आली. तिथला माणूस आपला सारखा "घाबरू नका, काही होत नाही" एवढंच म्हणत होता, आता ज्याला आधीच धडधडतंय त्याला दर मिनिटाला घाबरू नका म्हटलं की त्याचं सगळं लक्ष भीतीवरच जाणार ना.

इथल्या टेक्निशियन ताईंनी घाबरू नका हा शब्दच काढला नाही. आधी आईला मशीनजवळ उभं करून दाखवलं, बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा आहे, आत लाइट आहे, वारा येतो, फुगा दाबला की टेबल लगेच बाहेर. मशीन मोठ्या तोंडाचं आहे, ७० सेंटीमीटरचं, बऱ्याच जुन्या मशीनला ६० असतं आणि जाड माणसाला तो १० सेंटीमीटरचा फरक नक्की जाणवतो. मंगळसूत्र, बांगड्या, सेफ्टीपिना सगळं काढावं लागतं कारण आतला चुंबक १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट, आणि तो स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो. आई मंगळसूत्र काढायला कुरकुरत होती तर मदतनीस बाईंनी पिवळा दोरा आणून स्वतः गळ्यात बांधला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं हो!!

मग ताईंनी विचारलं, "काकू, शाळेत पाढे कुठपर्यंत पाठ होते?" आई म्हणाली पावकी निमकीसकट (पाव आणि अर्ध्याचे पाढे) सगळे. "मग औटकी (साडेतीनचा पाढा) म्हणायची, मनातल्या मनात, ओठ हलवायचे नाहीत, मी मधे मधे विचारणार कुठे पोचलात." डोळ्यांवर घडी घातलेला नॅपकिन टेबल सरकायच्या आधीच ठेवला, हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकदा का नाकासमोरचं छत दिसलं की मग डोळे मिटूनही ते डोळ्यांपुढून जात नाही.

मी नंतर ताईंना विचारलं औटकीच का, बेचा पाढा का नाही. म्हणाल्या सोपा पाढा तोंड आपोआप म्हणतं आणि मन मोकळं राहून परत छताकडे जातं, थोडं डोकं चालवावं लागेल असंच काम द्यायचं. मला हे एकदम पटलं. औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा असं करत जायचं म्हणजे दुसरा विचार करायला जागाच उरत नाही. ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना शंभरातून सात सात वजा करायला सांगतात, लहान मुलांना घरापासून शाळेपर्यंतची दुकानं ओळीने आठवायला सांगतात.

आवाज मात्र जबरदस्त असतो, चुंबकाच्या आतल्या कॉइलमधला करंट सारखा बदलतो आणि त्या थरथरतात, १०० डेसिबलच्या वरही जातो. कानात बोळे आणि वर हेडफोन देतात. दर वेळी ठकठक थांबली की ताई माइकवरून "काकू कुठवर आलात?" आणि आई "एकवीस!", मग पुढचा आवाज किती मिनिटांचा ते सांगून परत सुरू. मी नातेवाईक म्हणून बाहेर काचेपलीकडे बसले होते, ताईंच्या स्पीकरवरून मला आईचा आवाज ऐकू येत होता आणि दर वेळी तो आधीपेक्षा मोकळा येत होता. अर्ध्या तासात पूर्ण स्कॅन झाला, फुगा दाबलाच नाही, झोपेचं इंजेक्शनही लागलं नाही. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय तर "पस्तीसनंतर मी परत पहिल्यापासून म्हटली."

आता एक सांगते, भीती फारच जास्त असेल, आधी पॅनिक अटॅक येऊन गेले असतील तर नुसत्या पाढ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांशी बोलून गुंगीचं औषध घ्या, त्यात कमीपणा काही नाही. इथे तीही सोय आहे पण आधी सांगावं लागतं आणि उपाशीपोटी यावं लागतं. पेसमेकर किंवा शरीरात कुठलंही धातूचं काही बसवलेलं असेल तर फोनवरच सांगा.

कमी काय म्हणाल तर पार्किंग अजिबात नाही, एसी इतका थंड की आईला दोन चादरी मागाव्या लागल्या, आणि रिपोर्ट संध्याकाळी देतो म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दिला. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच, ते त्या ताईंसाठी. बुकिंग करताना पेशंटला भीती वाटते असं स्पष्ट सांगा म्हणजे घाई नसलेला दुपारचा स्लॉट देतात.